मिलिंद, तुझं रॉकेट सरळच गेलं होतं

मिलिंद,

तू गेल्यापासून घरात येणारा प्रत्येक माणूस तुझ्याबद्दल चांगलंच बोलतो आहे. आई बोलते ते मी समजू शकते. बाकीच्यांचं ऐकताना मात्र डोकं तापतं. म्हणून आज दार लावून बसले आहे. माझ्याकडे तुझ्यासाठी गोड बोलणं फार थोडं आहे, आणि जे आहे ते शेवटी राखून ठेवलंय असाही समज करून घेऊ नकोस.

तू मूर्खासारखा मेलास, हे आधी सांगते. सख्खी बहीण सरकारी दवाखान्यात नर्स. उभ्या तालुक्यात ताप आलेल्या माणसांच्या बोटांना टोचत फिरते, रक्ताच्या काचा तपासायला पाठवते, लोकांच्या तोंडात गोळी घालून वर पाणी पाजते. आणि तिचा बीएस्सी झालेला भाऊ मलेरियानं जातो. गोळ्या मी तुझ्या हातात दिल्या होत्या. तू म्हणालास, तोंड कडू होते, दिवसभर जेवण जात नाही. अडाणी माणूस असं म्हणाला तर मी त्याला समजावते. तुला काय समजावायचं होतं? एटापल्लीच्या आतल्या त्या शाळेत ताप डोक्यात चढला, बाहेर पाऊस, नाल्याला पूर. गावच्या माणसांनी तुला खाटेवर घालून खांद्यावर आणलं. नाल्याच्या काठी पाणी उतरायची वाट बघत बसावं लागलं, तिथंच तू संपलास. ती माणसं मला सांगताना रडली. मी रडले नाही. मला राग आला होता. तो अजून गेलेला नाही.

तुला रॉकेटचं वेड कुठून लागलं हे परवा कुणीतरी विचारत होतं. तुझे सहकारी म्हणाले, आपला माणूस अवकाशात जाऊन आला, तेव्हापासून. खोटं आहे. ते त्याच्या किती तरी आधीचं आहे. आपल्या घरी दिवाळी नव्हती. बाबानं दीक्षा घेतल्यापासून ती बंद झाली होती. पण खाणीच्या साहेबांच्या बंगल्यांत ती जोरात असायची, आणि तू सकाळी उठून त्यांच्या आवारातली जळकी रॉकेटं गोळा करून आणायचास. आईच्या उखळाशी बसून ती उकलायचास. नळी कशी गुंडाळली आहे, काडी केवढी आहे, काडी तोडली तर ते वाकडं काऊन जाते. बाबा खाणीतून काळाठिक्कर होऊन आला की ते सगळं बाहेर फेकायचा. दुसऱ्याच्या दारातलं उचलायचं नाही, आणि कुणाच्या दारात मान खाली घालून उभं राहायचं नाही, हे त्याचं एकच शिकवणं. तू परत जायचास. मार खायचास आणि परत जायचास.

म्हणजे तू भित्रा नव्हतास. माझा सगळा राग तिथूनच सुरू होतो. मुळातच भित्रा असतास तर मी तुला कधीच माफ केलं असतं.

बल्लारशाहून मला बघायला पाहुणे आले होते, तो दिवस आठव. मॅट्रिक होऊन मी नागपूरला नर्सिंगला जायचं म्हणत होते आणि बाबाला लग्न उरकायचं होतं. मी आत पोह्यांच्या बशा भरत होते. तू तेव्हा हाफपँटमधला, नाकाला शेंबूड. मोठी बहीण म्हणून मला तू बाईच म्हणायचास. पाहुण्यांसमोर जाऊन उभा राहिलास आणि म्हणालास, "बाई नर्स होनार हाय. तुमी चहा पिऊन जा."

मुलाचा बाप हसला. बाबानं तुला मागच्या अंगणात नेऊन सोलून काढलं. तू मार खाऊन परत आत आलास आणि तेच पुन्हा म्हणालास. पाहुणे चहा न पिताच उठले. पुढच्या महिन्यात बाबानंच मला एसटीत बसवून दिलं. आज माझ्या अंगावर हे पांढरं पातळ आहे ते तुझ्यामुळे. हे मी तुला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू फुशारला असतास, आणि फुशारण्यात तुला आधीच काही कमी नव्हतं.

तुला चामोर्शीजवळच्या त्या शाळेत मास्तरकी मिळाली आणि माझी बदलीही त्याच तालुक्यात झाली. दोन वर्षं आपण एका घरात राहिलो. त्या घराचं तू काय केलं होतंस! ड्रॉइंगचा जाड कागद खळ लावून दांड्यावर गुंडाळायचास आणि त्या नळ्या माझ्या साड्यांच्या दोरीवर वाळत घालायचास. सावरीचं हलकं लाकूड तासून टोकं करायचास, त्याचा भुसा भाजीत. दवाखान्यातला कापूस चोरायचास. हो, चोरायचास. बाळंतिणीचा कापूस तू रॉकेटच्या पोटात भरायचास, कशासाठी, तर वरच्या बारानं आतली छत्री, म्हणजे पॅराशूट, जळू नये म्हणून. आणि रॉकेट तयार झालं की मधोमध दोरा बांधून ते अंगणात डोक्याभोवती गरगर फिरवायचास. टोक पुढे राहिलं तर सरळ जाणार, शेपूट पुढे आलं तर वाकडं. शेजारच्या बायका मला विचारायच्या, मास्तरच्या अंगात येते का म्हणून. मी हो म्हणायचे. समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

रविवारी मार्कंड्याच्या देवळाच्या खालच्या अंगाला, वैनगंगेच्या वाळूत. उन्हाळ्यात नदी एका काठाला सरकलेली आणि अलीकडे नुसती वाळू. तू लोखंडी सळई रोवायचास, त्यावर रॉकेट चढवायचास, जुन्या विजेच्या शेगडीच्या तारेचा तुकडा खाली खुपसून लांबवर वायर आणायचास आणि टॉर्चचे सेल जोडायचास. मी दूर उभी. माझ्या हातात तुझ्या कंपासपेटीतला कोनमापक, त्याला दोरा, दोऱ्याला खडा. रॉकेट वर पोचलं की दोरा कुठं आहे ते मी चिमटीत धरायचं आणि तू येऊन वाचायचं. त्यावरून उंची निघायची. निघायची ती निघायची, पण तू सांगायचास भलतीच. कोन म्हणायचा तीनशे फूट, तू शाळेत सांगायचास हजार.

मी म्हणायचे, खोटं काऊन सांगतो? तू म्हणायचास, "बाई, तीनशेले कोनी वर पाहात नाई."

हे भांडण आपलं मिटलंच नाही. मला आजही वाटतं, ज्याला तीनशे फुटांसाठी वर बघायचं नाही त्याला हजार सांगून तरी काय मिळतं? पण तुला लोक पाहिजे होते. मी एकटी कोनमापक धरून उन्हात उभी राहायचे, ते तुला पुरत नव्हतं.

बरीचशी रॉकेटं वाळूत नाक खुपसून मेली. एक तुझ्याच अंगावर वळलं आणि तू पालथा पडलास, तेव्हा मी पोट धरून हसले होते. आणि मग ते एक, माझ्या जुन्या परकराच्या अस्तराची छत्री असलेलं. वर गेलं, क्षणभर काहीच नाही, मग बारीकसा फट् आवाज आणि छत्री फुलली. इतकं हळू खाली आलं. तू त्याच्याखाली हात पसरून धावत होतास, वाळूत पाय रुतत होते, आणि वाऱ्यानं ते दर वेळी थोडं पुढं न्यायचं. शेवटी झेललंस आणि तसाच बसून राहिलास. मला हाकही मारली नाहीस. मी इतक्या माणसांना जन्मताना आणि मरताना पाहिलं आहे, मिलिंद, पण इतकं पुरेपूर सुखात बसलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. तेवढ्यावर तू थांबायला हवं होतंस.

पण मग भाऊसाहेबांना कळलं.

तुझ्या संस्थेचे अध्यक्ष. तेंदूपानांचे ठेकेदार. शाळा त्यांनी सरकारी अनुदानासाठी काढली हे आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक होतं, तुलाही होतं. घरी तू त्यांची नक्कल करायचास, पान खाऊन 'शिक्षान' म्हणायचे ते. शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला मंत्री येणार होते आणि भाऊसाहेबांच्या मनात आलं की मंत्र्यांच्या समोर रॉकेट उडावं. तू टेम्पररी होतास. ते म्हणाले, कार्यक्रम चांगला झाला की तुझ्या ऑर्डरचं बघू. तू उड्या मारत घरी आलास. मी म्हटलं, फटाका हवा असेल तर त्यांना फटाका आणू दे, तू काऊन नाचून राह्यला?

तू म्हणालास, "मले कायम व्हाचं हाय, बाई. तुले काय समजते, तू सरकारी."

ते मी ऐकून घेतलं. पोटाचा प्रश्न होता, तो मी हलका मानत नाही. पण त्यानंतर तू जे केलंस ते कुणीच तुला सांगितलं नव्हतं. तू रॉकेटवर लाल ऑइलपेंटनं नाव घातलंस. भाऊसाहेब-एक. आपण होऊन. रात्रभर वाळवलंस आणि सकाळी मला दाखवलंस. अक्षर सुरेख होतं. मला तुझी किळस आली. हे मी तेव्हाही बोलले होते, आजही मागे घेत नाही.

मी येणार नाही म्हटलं होतं आणि आले. फाल्गुनाचे दिवस. मंत्री सकाळी यायचे ते दुपार उलटली तरी नाहीत, आणि दुपारी वारा सुटला. मांडवाची कापडं फडफडत होती. मी तुझ्याजवळ येऊन म्हटलं, संध्याकाळी पडेल वारा, तोवर थांब. तुलाही ते कळत होतं, तू ओलं बोट वर धरून बघत होतास. तेवढ्यात गाड्या आल्या, बँड सुरू झाला आणि भाऊसाहेबांचा माणूस धावत आला, मास्तर उडवा, साहेब उडवा म्हणून राह्यले. तू माझ्याकडे पाहिलंस आणि सेल जोडलेस.

ते सरळ गेलं. मी सांगते, कारण दुसरं कुणी सांगणारच नाही. तू बनवलेल्यांत सगळ्यात सरळ आणि सगळ्यात उंच. कोनमापक नव्हता माझ्याकडे, पण त्या दिवशी तुझा हजार कदाचित खरा असेल. आणि मांडवात त्या वेळी हार घालणं चाललं होतं. मंत्र्यांच्या गळ्यात हार, भाऊसाहेबांच्या गळ्यात हार, फोटोवाल्यानं त्यांना पुन्हा एकदा घालायला लावला. एकानंही मान वर केली नाही. मागे बुंदीचे लाडू वळणाऱ्या बायकांनी पाहिलं, त्या एकमेकींना दाखवत होत्या. मांडवाकडे पाहत तू हात जोडून उभा होतास. स्वतःच्या रॉकेटकडे तूही बघत नव्हतास.

मी बघत होते. छत्री उघडली, वाऱ्यानं धरली आणि गावाच्या टोकाला सोमा म्हाताऱ्याच्या खळ्याकडे नेली. पोटातला कापूस पेटलेला राहिला असावा. तणसाचा ढीग कोरडा ठणठणीत. धूर दिसला तेव्हा मंत्री भाषणात विज्ञानावर बोलत होते.

सोमाच्या बैलांचा वर्षभराचा चारा गेला. खळं वाचलं ते लोकांनी धावपळ करून विझवलं म्हणून. म्हाताऱ्यानं भर रस्त्यात तुला आईबहिणीवरून शिव्या दिल्या. त्या बरोबर होत्या. त्याचं तुला वाईट वाटलं हेही मला माहीत आहे, पुढं तू त्याच्याकडे तणीस पोचवत होतास. ती तुझी चांगली बाजू. पण ती तू गुपचूप केलीस, आणि वाईट बाजू चारचौघांत.

पोलिसांनी तुला तिथूनच उचललं. त्या वर्षांत आपल्या जिल्ह्यात नळी, बाराची दारू आणि वायर एका जागी सापडली की माणसाला नक्षलवादी ठरवायला ठाण्याला आणखी काही विचारायचं नसायचं. मी ड्रेस न बदलता मागोमाग आले. फौजदारासमोर टेबलावर रॉकेट पडलं होतं, एका बाजूनं जळालेलं, आणि तू बाकावर. थोड्या वेळानं भाऊसाहेब आले. मला वाटलं तुला सोडवायला आले. त्यांनी खुर्ची ओढली आणि सांगितलं की या मास्तरला ते हजेरीपुरतं ओळखतात, आजचा प्रकार त्यानं परस्पर केला, संस्थेला काही कल्पना नव्हती.

फौजदारानं रॉकेट उचलून उजेडाकडे केलं आणि मोठ्यानं वाचलं, "भाऊसाहेब-एक." मग विचारलं, "हे कोन?"

एक क्षण असा होता, मिलिंद. भाऊसाहेबांच्या कपाळाला घाम आला होता. तू फक्त बोट दाखवायचं होतं. बोलायचीही गरज नव्हती. पाहुण्यांना घराबाहेर काढणारा हाफपँटमधला तू कुठं गेला होतास?

तू म्हणालास, "माह्या मामाचं नाव हाय साहेब." आपल्याला मामा नाही.

फौजदार हसला. त्याला सगळं समजलं होतं. हे नाव राहिलं तर भानगड वाढेल, असं तो भाऊसाहेबांकडे बघत म्हणाला. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं. त्यांनी तोंडानं एक शब्द काढला नाही, हे मी शपथेवर सांगेन. टेबलावर पेन्सिली तासायचं ब्लेड होतं, ते तू उचललंस आणि मान खाली घालून आपल्या हातानं घातलेलं नाव खरडायला लागलास. लाल कपच्या तुझ्या पँटवर पडत होत्या. ऑइलपेंट पक्का होता, वेळ लागला. मी समोर उभी होते आणि तू एकदाही वर पाहिलं नाहीस.

त्या संध्याकाळी तुला सोडलं. वाटेत तू म्हणालास, "झालं ना आता." मी तुझ्याशी पंधरवडाभर बोलले नाही.

ऑर्डर तुला मिळाली. भाऊसाहेब शब्दाचे पक्के निघाले. कायम केलं, आणि संस्थेच्या सगळ्यात आतल्या शाळेवर पाठवलं, जिथून ठाण्याला आणि वर्तमानपत्राला तुझं तोंड दिसणार नव्हतं. तू पेढे वाटलेस. मी पेढा खाल्ला नाही.

आषाढात शेवटचा आलास तेव्हा निम्मा झाला होतास. ताप येऊन गेला होता एकदा. तेव्हाच तुला गोळ्या दिल्या. जेवताना मी विचारलं, उडवतोस का काही तिथं? तू म्हणालास, "तिथी आभाळच दिसत नाई बाई. झाडंच झाडं."

मी म्हटलं, "मान खाली असली म्हणजे कुठीच दिसत नाई."

तू भात कालवत राहिलास. मग म्हणालास, कढी छान झाली. हे आपलं शेवटचं बोलणं. लोक म्हणतात शेवटचं बोलणं मनाला लागून राहतं. मला लागलं ते माझं वाक्य नाही, तुझी कढी. एकदा तरी ताट सरकवून माझ्यावर ओरडायचं होतंस.

काल शाळेत तुझी शोकसभा झाली. त्याच नव्या इमारतीत. आईची इच्छा म्हणून गेले. तुझ्या फोटोला हार, समोर उदबत्त्या. मेणबत्ती आणि पंचशील आम्ही घरी केलं होतं, ते तिथं कुणाला सुचलं नव्हतं. भाऊसाहेब पाऊण तास बोलले. म्हणाले, मिलिंद सरांनी या मागास भागात उपग्रह बनवला होता. उपग्रह! म्हणाले, पहिल्या दिवसापासून मी त्यांच्या पाठीशी होतो. विज्ञानाच्या खोलीला तुझं नाव द्यायचं जाहीर केलं. टाळ्या झाल्या. शोकसभेत टाळ्या. मग मुख्याध्यापकांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांना वाटलं नर्सबाई डोळे पुसतील आणि आभार मानतील.

मी म्हटलं, "माझ्या भावानं उपग्रह नव्हता बनवला. रॉकेट बनवलं होतं. त्यावर भाऊसाहेबांचं नाव होतं. ठाण्यात भाऊसाहेबांनी त्याला ओळखलं नाही, म्हणून त्यानं ते नाव ब्लेडनं खरडून काढलं. मी तिथं होते. खोलीला त्याचं नाव देऊ नका. उद्या गरज पडली तर ते खरडायला तुम्हाला ब्लेडही लागणार नाही."

काय झालं असेल म्हणतोस? काहीही नाही. भाऊसाहेबांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मुख्याध्यापक घाईनं म्हणाले, आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू. सगळे उभे राहिले. तुझे सहकारी, पलीकडच्या गावचे सरपंच, तोंडं लांब करून. अर्धं मिनिट झालं नसेल, भाऊसाहेब बसले, आणि ते बसले म्हणून सगळे बसले. मागून चहाच्या कपांचा आवाज यायला लागला.

मी बसले नाही. आई माझा पदर ओढत होती. मी उभीच राहिले, चहा वाटणारा माणूस माझ्याभोवती वळसा घालून गेला, कुणी तरी खोकलं, कुणी तरी पाऊसपाण्याचं काढलं. तुझ्यासाठी उभी होते असं समजू नकोस. तुझ्या जागी उभी होते. हे तुझं काम होतं, मिलिंद. तुझ्या वाटचं जे जे राहून गेलं ते तू नेहमी मोठ्या बहिणीवर टाकलंस, आणि हेही टाकून गेलास. केलं मी. आता तुला काही म्हणायचं असेल तर म्हण.